‘क्रिस्तपुराणा’ची श्रोतृसभा : साष्टीतील आदित्यवाराच्या उपासनेच्या संदर्भात एक विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून बहुधा दोन कारणांसाठी होत आला आहे. एक, त्याचा कर्ता इंग्रज होता. आणि दुसरे, त्याने प्रारंभीच मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती केली आहे. या स्तुतीच्या ओव्या शालेय वाचनमालांतून, भाषादिनाच्या व्याख्यानांतून आणि पदव्युत्तर वर्गांच्या वेच्यांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत की उरलेला ग्रंथ त्यांच्या सावलीत गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या एका कृतीची ओळख तिच्यातील पाचसहा ओव्यांवर व्हावी, ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही. विद्यार्थ्याला स्टीफन्सचे मराठीप्रेम ठाऊक असते; पण हा ग्रंथ कोणी, कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणापुढे वाचावयाचा होता हे विचारले तर त्याचे उत्तर सहसा मिळत नाही. आणि हा प्रश्न गौण नव्हे. ग्रंथाची रचना, त्याची भाषा, त्यातील पुनरुक्ती, त्यातील शंकासमाधाने, एवढेच नव्हे तर त्याचे दोषही या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात रायतूर येथे छापले गेले. (ही साष्टी मुंबई-वसईकडील साष्टी नव्हे, दोहोंची गल्लत अजूनही अधूनमधून होते.) 1649 व 1654 मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. त्याचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ 36 अवस्वरांचे असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या भाकितांपर्यंतचा जुन्या कराराचा कथाभाग येतो. ‘दुसरे पुराण’ 59 अवस्वरांचे असून त्यात ख्रिस्तचरित्र सांगितले आहे. साष्टीच्या देवळांतून हे पुराण आदित्यवारी व सणावारी लोकांस वाचून दाखविले जात असे, ही गोष्ट अभ्यासकांनी नोंदविली आहे. तथापि ती चरित्रात्मक माहिती म्हणून नोंदली गेली. समीक्षेचे गमक म्हणून तिचा उपयोग फारसा झाला नाही.

सतराव्या शतकाच्या आरंभीचा साष्टीतील एखादा आयतार डोळ्यांसमोर आणला, तर पहिली गोष्ट जाणवते ती भाषांची. वेदीवरील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. देवळाचा आणि सरकारचा पत्रव्यवहार पोर्तुगीज भाषेत चाले. मुलांना व नवख्रिस्ती मंडळींना जी प्रश्नोत्तररूप धर्मशिकवण दिली जाई ती कोकणीत असे. स्टीफन्सचीच ‘दौत्रीन ख्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये रायतूर येथे छापली गेली, आणि ती घरच्या बोलीत, म्हणजे तेथील ब्राह्मणी कोकणीत, आहे. आणि पुराण मात्र मराठीत. एकाच माणसाने, एकाच लोकसमूहासाठी, शिकवणीला एक भाषा आणि कथेला दुसरी भाषा वापरली. ही निवड त्याने अजाणता केलेली नाही. आपल्या गद्य प्रस्तावनेत तो ती स्पष्ट करतो: या देशीच्या भाषांत देवाच्या गोष्टी निरूपण करण्यास मराठी योग्य दिसली, पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द मिसळून कवित्व सुलभ केले.

मराठीला हा मान साष्टीत कोठून आला? चर्चने तो दिला नव्हता. धर्मांतरापूर्वी तेथील देवळांत जी पुराणे ऐकविली जात, ती मराठीत असत. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथसंग्रहात रोमन लिपीत उतरून घेतलेली सोळाव्या शतकातील मराठी-कोकणी कथांची हस्तलिखिते मिळाली आहेत, त्यांवरून मिशनऱ्यांनी हे वाङ्मय जवळून अभ्यासले होते हे दिसते. घरात कोकणी बोलणारा साष्टीकर देवकथा ऐकावयास बसला की मराठी ऐके. कथेची भाषा ही त्याच्या लेखी दैनंदिन व्यवहाराहून एक पायरी वरची, थोडी दूरची आणि म्हणूनच प्रतिष्ठेची होती. स्टीफन्सने ओवी घेतली तशी ही पायरीही घेतली. 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या या धर्मगुरूने 1583 मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले होते; भाषेच्या बाबतीत त्याचे कान किती तीक्ष्ण होते याचा हा पुरावा आहे.

ग्रंथाच्या आरंभी येणारा प्रसंग परिचित आहे. धर्मशिकवणीच्या वेळी श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही पुराण द्यावे. बहुतेक टीकाकारांनी हा प्रसंग काव्यारंभाची एक रम्य क्लृप्ती म्हणून वाचला आहे. तो तसा वाचता येत नाही. साष्टीतील देवळे 1567 मध्ये मोडली गेली. त्यांच्या जमिनींचे उत्पन्न धर्मप्रसाराच्या कामी वळविण्यात आले. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय काम करीत होते. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून असोळणे येथे गावच्या पुढाऱ्यांना बोलावून ठार करण्यात आले. यांतील नंतरच्या घटना स्टीफन्स गोव्यात असतानाच घडल्या. म्हणजे त्या ब्राह्मणाची विनंती ही पोकळीतून आलेली विनंती आहे, आणि ती पोकळी बळाने निर्माण केलेली होती. आठवड्याच्या उपासनेतून कथा काढून घेतली गेली होती. उरली होती ती प्रश्नोत्तरे आणि न कळणारी लॅटिन. कथेवाचून लोकांचे चालत नाही हे स्टीफन्सला कळले, ही त्याची थोरवी. पण ज्या सत्तेच्या छायेत तो राहत होता तिनेच ती उणीव उत्पन्न केली होती, हे विसरून त्याच्या मराठीप्रेमाचा गौरव करणे म्हणजे अर्ध्याच गोष्टीचा गौरव करणे होय. उलट, केवळ या कारणास्तव ग्रंथाला प्रचारपुस्तिका ठरविणारे मतही तितकेच उणे आहे. प्रचारासाठी अकरा हजार ओव्या कोणी रचीत नाही. प्रश्नोत्तरीने ते काम भागत होते.

ग्रंथाचे नावही या दुहेरी स्थितीची साक्ष देते. पोर्तुगीज मुखपृष्ठावर त्याचे नाव ‘आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन’ अशा अर्थाचे होते. आत मात्र ग्रंथ स्वतःला पुराण म्हणवितो. पहिले नाव परवानगी देणाऱ्यांसाठी, दुसरे ऐकणाऱ्यांसाठी, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता रचनेकडे वळावे. दोन्ही पुराणे मिळून 95 अवस्वर होतात. ओव्यांची संख्या लक्षात घेतली तर एका अवस्वरास सरासरी 115 च्या आसपास ओव्या पडतात; अर्थात अवस्वर समान लांबीचे नाहीत. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड अशी ही साडेतीन चरणी ओवी संथ सुरात म्हणावयास बारापंधरा सेकंद लागतात असे धरले, तर एक अवस्वर साधारण अर्ध्या तासात संपतो. एका बैठकीस एक अवस्वर हे माप उपासनेनंतर बसलेल्या मंडळींच्या सहनशक्तीला नेमके बसणारे आहे. आठवड्याला एक असा क्रम धरल्यास संपूर्ण पुराण व्हावयास जवळजवळ दोन वर्षे लागतील. सणांचे दिवस त्यात मिळविले तर काही कमी. असा कोणता नियम तेथे होता असे येथे सुचवावयाचे नाही. हे गणित एवढ्याचसाठी की, हा ग्रंथ सलग वाचणाऱ्या अभ्यासकास जे दोष वाटतात ते आठवड्याच्या अंतराने ऐकणाऱ्याच्या दृष्टीने वेगळे दिसतात.

पुनरुक्तीचेच उदाहरण घ्यावे. मागील कथाभागाचा सारांश, आदामाच्या अपराधाचे वारंवार स्मरण, तारणाऱ्याच्या येण्याचे पुनःपुन्हा दिलेले वचन, यांमुळे ‘पहिले पुराण’ शिथिल वाटते असे म्हणणे अवघड नाही. पण सात दिवस शेतात राबून आलेल्या आणि गेल्या आयतारी कदाचित आलाच नसलेल्या माणसाला ही आठवण करून देणे आवश्यक होते. सर्व पौराणिक निरूपणकारांनी हे केले आहे. फक्त आपण एकनाथांच्या बाबतीत त्याला विवरण म्हणतो आणि स्टीफन्सच्या बाबतीत पाल्हाळ. एकनाथ 1599 मध्ये समाधिस्थ झाले, म्हणजे दोघांचा काळ एकमेकांस लागून आहे. श्रोत्यांना ‘सभेत’ गृहीत धरण्याची, मध्येच थांबून त्यांना सावध करण्याची, दृष्टांत देऊन पुढे जाण्याची रीत दोघांत समान आहे, आणि ती त्या काळच्या मराठी निरूपणाचीच रीत होती.

याहून महत्त्वाची आहेत ती शंकासमाधाने. कथा चालू असता श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री-गुरू उत्तर देतो, ही योजना ग्रंथभर आहे. देवाने मनुष्याला अपराध करूच का दिला, तारणारा आला तो इतक्या उशिरा का, या धर्तीच्या शंका नवख्या मनाच्या खऱ्या शंका आहेत. उत्तरे अर्थातच ठरलेली आहेत, आणि प्रश्नकर्ता शेवटी समाधान पावतो हेही ठरलेले आहे. तरीही प्रश्न उच्चारला जातो, तोही देवळात, आदित्यवारी, सर्वांसमक्ष, ही बाब क्षुल्लक नाही. ज्या प्रांतात संशय बोलून दाखविणे धोक्याचे होते तेथे पुराणातील श्रोत्याच्या मुखाने तो बोलला गेला. प्रश्नोत्तरीत पाद्री विचारतो आणि मूल पाठ केलेले उत्तर देते; पुराणात ही दिशा उलटते. एवढ्या एका पालटाने दोन्ही रचनांचा स्वभाव वेगळा झाला आहे. साहित्यदृष्ट्या ‘क्रिस्तपुराणा’चा सर्वांत जिवंत भाग शोधावयाचा असेल तर तो भाषास्तुतीत न शोधता या शंकांच्या जागी शोधावा.

एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने 1629 व 1634 मध्ये सेंट पीटरच्या चरित्राचे जे मराठी पुराण प्रसिद्ध केले, त्याच्याशी तुलना केली की हा फरक आणखी स्पष्ट होतो. तेथे हिंदू देवतांचे खंडन उघड आणि विस्तृत आहे. श्रोत्याच्या पूर्वस्मृतीशी कवीचे सतत भांडण चालू असते. स्टीफन्सची वृत्ती निराळी आहे. तो स्वर्गाला वैकुंठ म्हणतो आणि पुढे जातो. हा शब्द उच्चारताच साष्टीच्या श्रोत्याच्या मनात जे उमटत असेल ते सर्वच त्याला नको होते असे दिसत नाही; किंवा नको असले तरी त्यावाचून गत्यंतर नाही हे त्याने ओळखले होते.

मात्र ही श्रोतृसभा एकजिनसी नव्हती. विनंती करतो तो ब्राह्मण आहे, आणि शब्द सोपे केले तेही ब्राह्मणांच्या बोलीतील, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही. गावकरीची व्यवस्था धर्मांतरानंतरही टिकली. देवळाचे उत्सव, मिरवणुकीतील मान आणि कोंफ्रारींचे सभासदत्व ही जातीच्या व घराण्याच्या हक्काने ठरत राहिली. अशा देवळात मराठी पुराण ऐकताना पुढे बसलेल्या गावकऱ्याला आपल्या वाडवडिलांच्या सभेचा भास होत असेल. मागे उभ्या असलेल्या कुळाला त्यातले किती कळत असेल हा प्रश्नच आहे. प्रस्तावनेतील ‘सामान्य लोकांना कळत नाही’ ही कबुली येथे खरी उतरते, आणि शब्द सोपे करूनही ती पूर्णपणे निकालात निघत नाही. स्टीफन्सचे सोपे मराठी हे एका वर्गापुरते सोपे होते.

लिपीचा प्रश्न याला जोडूनच येतो. नागरी अक्षरांचे ठसे पाडावयाचे तर व्यंजने व स्वर यांच्या जोडण्या धरून सुमारे 600 साचे लागतील, हे स्टीफन्सने 1608 च्या आपल्या पत्रात वरिष्ठांना कळविले होते आणि तशी परवानगीही मागितली होती. ते घडले नाही. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. याचा परिणाम असा झाला की, पुराण वाचून दाखविणारा हा देवळाच्या शाळेत शिकलेलाच असला पाहिजे. आणि घाटावरच्या कोणा मराठी वाचकाच्या हाती ग्रंथ पडला असता तरी त्याला तो वाचता आला नसता. मराठी काव्यपरंपरेतून घेतलेले हे रूप पुन्हा त्या परंपरेत परतू शकले नाही. ‘क्रिस्तपुराण’ मराठी असूनही तीनशे वर्षे मराठी वाङ्मयाच्या बाहेर राहिले याचे कारण धर्मभेदापेक्षा लिपीत अधिक आहे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. 27 जून 1684 रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. हुकमाने भाषा मरत नाही. पण जाहीर वाचन बंद पडू शकते, आणि गोव्यात ते कालांतराने लोपले. पुराण जिवंत राहिले ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या कोकणी ख्रिस्ती घराण्यांत. तेथील हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. नागरीत ते संपूर्ण छापले गेले 1956 मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. त्यानंतर 1996 मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती निघाली. म्हणजे ज्यांच्यासाठी हे पुराण रचले त्यांच्या गावांत ते मुके झाले, आणि जेथे ते नव्याने वाचले जाऊ लागले तेथे ते ऐकण्याचा प्रघातच नव्हता.

येथे वसईचा विचार अप्रस्तुत ठरू नये. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतरही तेथील कॅथलिक समाज टिकून राहिला, आणि आज मराठीत आठवड्याची उपासना करणारा हा सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि लॅटिनची जागा वसईच्या वेदीवर मराठीने घेतली. साष्टीतील भाषांची उतरंड येथे वेगळ्या रूपाने पुन्हा दिसते: घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, देवळात प्रमाण मराठी. प्रार्थनेची भाषा घरच्या भाषेहून एक पायरी वर असावी ही जाणीव या किनाऱ्यावर फार जुनी आहे, आणि स्टीफन्सने तिचाच उपयोग केला होता.

पण या सुधारणेने पुराणाची जागाही बुजविली. मिस्सा लॅटिनमध्ये होती तोवर तिच्याबाहेर, तिच्या नंतर, लोकांच्या भाषेत कथा सांगण्यास अवकाश होता. मिस्साच मराठीत आली तेव्हा शास्त्रवाचन तिच्या पोटात आले. 1969 पासून प्रचारात आलेल्या वाचनक्रमात आदित्यवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बसविलेली आहेत. वर्षाच्या बऱ्याच भागात जुन्या करारातील उतारा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळणारा निवडलेला असतो. त्यामुळे आज इसहाक, पुढच्या आठवड्यात यशया, त्यानंतर मोशे, असा क्रम पडतो. जुना करार नव्याच्या प्रकाशात पाहण्याची दृष्टी ‘पहिल्या पुराणा’तही हीच आहे, परंतु तेथे कथा एका सूत्राने पुढे सरकते, आणि मागच्या आठवड्यात जहाजात बसलेला नोहा या आठवड्यात जमिनीवर उतरतो. पुढे काय झाले हे ऐकावयास लोक येतात, ही पुराणिकाची जुनी मात्रा आहे. वाचनक्रमात अर्थाची संगती आहे, कथेची उत्कंठा नाही. उपासनाशास्त्राच्या दृष्टीने हा लाभ असेल. निरूपणकलेच्या दृष्टीने ती हानी आहे, आणि वसईत ‘क्रिस्तपुराणा’विषयी आदर असूनही त्याचे नियमित वाचन आदित्यवारच्या उपासनेचा भाग का झाले नाही याचे एक कारण येथे सापडते.

शेवटी पाठाच्या प्रश्नाचा निर्देश करणे आवश्यक आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहात ‘क्रिस्तपुराणा’ची नागरी लिपीतील प्रत आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि तीच मूळ पाठाला अधिक जवळची असावी असे त्यांचे मत होते. पुढील अभ्यासकांनी तिला उत्तरकालीन संस्करण मानण्याकडे कल दाखविला आहे. या प्रतीत रोमन पाठातील पुष्कळ पोर्तुगीज शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द घातलेले आहेत, आणि भाषेच्या शुद्धतेची आवड असणाऱ्या वाचकास ती साहजिकच अधिक मराठी वाटते. परंतु पाठाची निवड करताना श्रोत्यांकडे पाहावयास हवे. क्रूस, साक्रामेंत, स्पिरितु सांतु हे शब्द साष्टीच्या माणसाला ग्रंथातून शिकावयाचे नव्हते. ते त्याच्या कानावर मुलाच्या बाप्तिस्म्याला, घरच्या मर्तिकाला आणि प्रत्येक आयतारी पडत होते. विद्वानाला परके वाटणारे हेच शब्द त्या सभेत सर्वांत ओळखीचे होते, आणि अवघड पडत असतील तर ते त्यांच्या जागी आलेले संस्कृत शब्दच.